नुसते ओठ हलवा

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत कॉलेजात पिक्चरवाले आले.
कॉलेज ऐरोलीचं. पण गेटवर थर्माकोलची कमान चढली
आणि एका रात्रीत आम्ही पुणेकर झालो.
खाडीवरून येणारा वास तेवढा
त्यांच्या आर्ट डायरेक्टरला झाकता आला नाही.

गोष्ट म्हणे कॉलेजातल्या पहिल्या प्रेमाची.
हिरो चौतिशीचा, सेकंड इयरला.
आमच्यातला कुणी इतक्या केट्या घेऊन तगला नसता.
हिरॉइनच्या हातात सहा जाड पुस्तकं, धडकल्यावर पडायला.
आमच्याकडे पुस्तक कोण बाळगतं?
परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स,
तीही दुसऱ्याच्या अक्षरातली.

मागे गर्दी म्हणून आम्ही. माणशी चारशे, जेवण,
शिवाय हजेरी लावायचं वझे सरांनी कबूल केलेलं.
थर्मोडायनॅमिक्सचे पंच्याहत्तर टक्के
कॅन्टीनमध्ये बसून भरले.

माझ्या टेबलावर हितेश मढवी, दिवागावचा.
तोवर आमचं बोलणं एकदाच, कॅल्क्युलेटरवरून.
(त्याचा होता. माझ्याकडेच राहिला होता.)
कपाळावर गॉगल चढवलेली असिस्टंट म्हणाली,
"तुम्ही कपल. नवीन नवीन.
बोलत राहा, पण आवाज नको. नुसते ओठ हलवा."

करून बघा.
बिनआवाजाचं बोलायला घेतलं
की होते नव्हते ते शब्द पळून जातात.
मी एकोणतीसचा पाढा धरला
आणि पाचे पंचेचाळासेला लाजायचं, असं ठरवून टाकलं.

समोरचा मात्र बोलत होता. सलग, मनापासून.
दर शब्दाला ओठ मिटायचे, सुटायचे.
पाचवीत बाईंनी घोकून घेतलेलं आठवलं:
प फ ब भ म, ओष्ठ्य.
तिथून माझा पाढा चुकायला लागला.
प-नं सुरू होणारं काय काय असतं, विचार करा.
घाबरून मी समोरचा समोसा खाल्ला.
चकाकीसाठी त्यावर हेअरस्प्रे मारलेला होता.

अकरा टेक झाले.
दहा वेळा तेच ओठ. अकराव्याला जरा वेगळे,
की मलाच तसं वाटलं, हेअरस्प्रेमुळे.

पिक्चर दिवाळीनंतर लागला, दुसऱ्या शुक्रवारी उतरला.
मधल्या बुधवारी वाशीला आम्ही नऊजण गेलो.
आम्ही दोघं दोन सेकंद दिसतो,
हिरोच्या डाव्या कानामागे.
तो निळा डाग, मी पिवळा.
आणि वरून कुणाकुणाच्या आवाजातला गोंगाट ओतलेला:
"चल ना यार," "अरे भारी," असलं काहीतरी.
नऊ महिने जपलेली माझी दोन सेकंदं
कुणीतरी "अरे भारी" म्हणून मिटवली.

बाहेर बसस्टॉपवर बाकीचे पुढे गेल्यावर विचारलं:
तेव्हा काय म्हणत होतास?
"पापलेट," तो म्हणाला.
"बोंबील, बांगडा, मांदेली, मुशी, माकूल.
आईच्या पाटीतलं, ओळीनं. दुसरं काही सुचेना. आणि तू?"
एकोणतीसचा पाढा, म्हटलं.
एवढे हसलो की बस समोरून निघून गेली,
कंडक्टरनं मान बाहेर काढून पाहिलं.

मग हसू सरलं. पुढची बस वीस मिनिटांनी.
"अकराव्यालाही मासेच?"
तो समोरच्या हॉर्डिंगकडे बघत राहिला,
टू बीएचके, खाडीचा व्ह्यू, ताबा लगेच.
नंतर माझ्याकडे वळून त्यानं
नुसते ओठ हलवले.

ओष्ठ्य होतं, एवढं सांगते.
बांगडा असू शकतो.

मी पण उत्तर दिलं, आवाज न करता.
ते पाढ्यातलं नव्हतं.
आणि त्याला ते वाचता आलं की नाही, अजून कळलेलं नाही,
कारण तो लगेच म्हणाला,
"माझा कॅल्क्युलेटर कधी देतेस?"