शून्य रुपये मात्र

मी व्हाउचर लिहितो जी, विमान मला कळत नाही.
समोरच्या काट्यांच्या गर्दीत एक डबी आहे,
इंजिन गुरगुरलं की तिचे आकडे सरकतात,
इंजिन गप, डबी गप.
महिनाअखेर ती सांगेल तेवढेच पैसे
मी रहांगडाले मॅडमच्या नावापुढे मांडतो.

मॅडम साडेपाचला येतात.
स्कूटीच्या डिकीत डबा, टॉर्च आणि दोन शिट्ट्या,
एक सारसांसाठी, एक सुखदेवच्या म्हशींसाठी.
म्हशी ऐकतात.
सारस जोडीनं उभे राहतात धावपट्टीच्या मधोमध
जसे काही सातबारा घेऊन आलेत.
मग निळं पेट्रोल काचेत उतरवून
उजेडासमोर धरायचं, पाण्याचा थेंब शोधायचा.
मग पोराला फळ्यापुढे उभं करून वारा विचारायचा.
चुकला, की पुन्हा विचारायचा.
यातलं काहीच डबीला दिसत नाही.

पोराच्या पावतीवर तासाचे तेरा हजार.
मॅडमच्या व्हाउचरवर त्याच तासाचे नऊशे.
दोन्ही कागद मीच लिहितो, एकाच पेनानं.

मालकांना एकदा बोललो.
नागपूरहून येतात ते, महिन्यातून एकदा.
म्हटलं, साहेब, आमच्याकडे रोवण्याच्या आधी
चिखलणीला ट्रॅक्टर सांगितला
तर तो घराच्या फाटकापासून तास लावतो.
बांधावर चहा प्याला तरी मीटर चालू.
साहेब हसले. म्हणाले, बिसेन, ट्रॅक्टरला डिझेल लागतं.
मी म्हटलं, मॅडमला
आणि पुढचा शब्द सापडला नाही.
घरी हात धुताना सापडला, नेहमीसारखा.
आता आठवत नाही.

पौषातली गोष्ट.
तलावावरचं धुकं उठून धावपट्टीवर येऊन बसलं.
आमगावचा तन्मय गजभिये सहापासून तयार,
परीक्षा तोंडावर, पट्टा हातात.
मॅडम, वर गेलं की साफ असेल.
वर साफच असतं, त्या म्हणाल्या,
खाली यायचं कुठून?

बसले दोघं हँगरच्या ओट्यावर.
पल्याडचं मोहाचं झाड दिसलं की सांग.
आठ वाजले. नऊ. मी दोनदा चहा नेला.
दहाला पोरगा ओरडला, दिसलं!
फांद्या किती?
पोरगा गप.
साडेबाराला ऊन पडलं, फांद्या काय, घरटंसुद्धा दिसलं.
जाऊ आता?
मॅडमनी आकाशाकडे नाही, त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.
गुडघा हालत होता, शिलाई मशीनवर असल्यासारखा.
धुकं उतरलं, म्हणाल्या, घाई उतरली नाही.
आज घरी जा.

माझा पगार महिन्याचा आहे.
धुक्याचे पैसे मला मिळतात.
हे मी कुणाला सांगत नाही,
त्या दिवशी रजिस्टर उघडलं तेव्हा स्वतःलाच सांगितलं.
तारीख. विमान. विद्यार्थी. वेळ शून्य पूर्णांक शून्य.
रक्कम अक्षरी: शून्य रुपये
आणि हाताला सवय, पुढे लिहून गेला, मात्र.

लिहिलं आणि अडकलो.
शून्य रुपये, मात्र…
एवीस वर्षं हा शब्द मी कुलपासारखा लावतो
की पुढे कुणी काही घुसवू नये.
त्या दुपारी तो कडी काढलेल्या दारासारखा दिसला,
आणि पुढची ओळ कोरी.

मॅडमनी सही केली, न वाचता.
पेन माझ्या खिशाला परत लावत म्हणाल्या,
बिसेनजी, उद्या तो सहाला नाही, सातला येतो म्हणतो.
स्वतःहून म्हणाला.
एवढं बोलून स्कूटीला किक मारत राहिल्या,
थंडीत ती लवकर लागत नाही.

मी रजिस्टर उघडंच ठेवलं
शाई वाळेपर्यंत.