हायवे सतराच्या उत्तरेला

ग्रेंज हॉलमध्ये मी साठ खुर्च्या मांडल्या.
माणसं आली तेवीस.
त्यातली चार कॉफीसाठी,
एक बहुतेक हीटर चालू आहे म्हणून.

केटल काउंटी म्हणजे गहू, बेसाल्टचे काळे कडे
आणि एकुलता एक सिग्नल,
तोही गेल्या हिवाळ्यापासून नुसता पिवळा लुकलुकतो.

आधी ड्वेन ऑस्टरहाउट बोलला.
एकवीस वर्षं डेप्युटी, बक्कल लखलखीत.
गुन्हेगारांना थारा देणार नाही, म्हणाला,
आणि टीव्हीवर दिसणाऱ्या शहरांविषयी बरंच काही.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात रिकामेच होते.
बसता बसता त्याने एक ठेवून दिली :
बाईंनी आजवर कानाला हेडसेट लावून
उंटावरून शेळ्या हाकल्यात.

मग इर्मा सोडरक्विस्ट उठली.
एकोणीस वर्षं ९११च्या खोलीत, सगळी रात्रपाळी.
हातात पाककृतीचं कार्ड,
एका बाजूला मुद्दे, दुसऱ्या बाजूला बिटाच्या लोणच्याचं प्रमाण.

"रात्री एकनंतर हायवे सतराच्या उत्तरेला
आपली एकही गाडी नसते.
फोन येतो. मी पत्ता लिहून घेते.
पुढचं तुम्हाला माहीत आहे.
तिथे एक गाडी हवी. आधी ती, मग बाकीचं.

तुरुंगात अकरा खाटा आहेत.
आज त्यांतल्या सहांवर आजारी माणसं झोपतात.
त्यांना दवाखाना हवा, आपण कुलूप देतो.
एकाला मी शाळेपासून ओळखते. नाव सांगणार नाही.

आणि टेकडीवरचा टॉवर.
डेप्युटी दरीत उतरला की त्याचा आवाज जातो,
मी इकडे खरखर ऐकत बसते,
तो परत वर येईपर्यंत."

तिने कार्ड उलटं केलं. लोणचं निघालं.
हॉल हसला. ती हसली नाही,
"थांबा, मी आहे," म्हणाली, आणि कार्ड पालटलं.

तिथे मला आवाज ओळखू आला.

फेब्रुवारी. स्वयंपाकघराच्या फरशीवर ओपल.
फोन टेबलावर, स्पीकर चालू.
तळहात छातीच्या मधोमध. मोठ्याने मोजा. माझ्याबरोबर.
मी चुकलो की ती आकडा धरून ठेवायची,
मी पुन्हा येऊन मिळायचो.
मध्येच विचारलं, पोर्चचा दिवा लावलाय का?
मी धावत जाऊन लावला, धावत परत आलो.
अठ्ठेचाळीस मिनिटं.
गाडीला घर लगेच सापडलं, दिव्यामुळे.
घाई संपलेली होती.

आता सांगेल, मला वाटलं.
निवडणूक आहे, असली गोष्ट कोण सोडेल?
मी नजर बुटांवर ठेवली.

तिने सांगितली नाही.

कुणी कोकरं मारणाऱ्या कुत्र्यांचं विचारलं.
कुणी विचारलं, पैसे कुठून आणणार?
"शेरीफसाठी नवी पिकअप मंजूर झालीय, ती मला नको.
तिच्यात अर्धा टॉवर होतो.
उरलेला अर्धा कसा, ते मला अजून माहीत नाही."
ऑस्टरहाउटने छताकडे पाहिलं.
असं बोलून मतं मिळत नाहीत, हे छतालाही ठाऊक असावं.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या मिटायला लागलो.
तीही लागली, एका हातात दोन-दोन.
घशात इतकं काही होतं,
आणि बाहेर पडलं ते एवढंच :
"सांभाळून, त्या खुर्चीचा पाय वाकतो."

ती थबकली.
माझ्याकडे बघत नव्हती. ऐकत होती,
मी गप्प झाल्यावरही थोडा वेळ.

मग तिने खुर्ची भिंतीला टेकवली.
"किती झाल्या?"
"एक्केचाळीस," मी म्हणालो.
"बेचाळीस," ती म्हणाली,
आणि पुढच्या आकड्यासाठी थांबली.