दाब

नवे पॅड घालून तिसरा दिवस.
गाडी डावीकडे ओढते,
उतरलं की करपल्याचा वास,
आणि पुढच्या डाव्या चाकाशी हात नेला तर
वॉर्डातल्या तापाच्या पोरासारखी धग.

गावाचं नाव सूर आणि चाक बेसूर कण्हतंय,
हा विनोद इथे ओमानात कुणाला सांगायचा,
म्हणून मिरजेला फोन लावला.

आप्पा हसले नाहीत.
एकतीस वर्षं डेपोच्या खड्ड्यात
एसटीच्या पोटाखाली काढलेला माणूस.
"आमचे हवेचे ब्रेक, तुझे तेलाचे," म्हणाले,
"पण अडकणं सारखंच. जॅक लाव."

क्वार्टर्समागे, खांबाच्या उजेडात,
रात्री दहालाही पाना हातात धरवत नाही.
तिकडे साडेअकरा.
फोन स्टेपनीवर ठेवला, आवाज मोठा करून.
"हळू," ते म्हणाले, "तुझी आई झोपलीय."

चाक काढलं. दोन नट उलटे लावून चकती आवळली.
"फिरव."
फिरत नाही.
"पिना बघ."
एक लोण्यात सरकावी तशी आली.
दुसरी गंजानं धरलेली; घासली, ग्रीस लावलं, बसवली.
"आता ब्रेक मार. सोड. फिरव."
पुन्हा तेच.

आप्पा थांबले.
मला वाटलं, विचार करतायत.

"निपल उघड. पाव आटा. जास्त नको."
तेलाची चिळकांडी मनगटावर,
आणि चकती सुटली, अशी सहज,
की जणू तिनं कधी धरलंच नव्हतं कुणाला.
"म्हणजे दाब आत कोंडलाय.
बंद कर. पुन्हा ब्रेक मार.
आता वरचा सांधा सैल कर,
लोखंडी पाइप रबरी नळीला मिळतो तिथला."
केला. दोन थेंब पाझरले.
चकती जागची हलली नाही.

"मग नळीच.
आतून सुजलीय.
जोरानं ढकललेलं जातं पुढं,
परतायला वाट राहत नाही.
बाहेरून बघशील तर ठणठणीत."
आणि मग, डेपोतल्या पोरांना विचारत तसं,
"पॅड बदलताना कॅलिपर कुठं ठेवलावतास?"

लोंबकळत.
नळीलाच.

"हं," म्हणाले आप्पा.
आणि एवढ्या एका 'हं'साठी
त्यांना दोन श्वास लागले.

अकरा वर्षं मी रात्रपाळीत
अंधारात, पेशंटकडे न बघता श्वास मोजते.
निपल, मग श्वास, मग उघड.
पाव, श्वास, आटा.
तासभर ते माझ्या कानाशी होतं
आणि मी चाक ऐकत बसले होते.

पाना खाली ठेवला.
"आप्पा, उशा किती घेताय झोपताना?"
"नळ्या दोन्हीकडच्या बदल. जोडीनं. एकच बदललीस तर…"
"उशा किती?"
"तीन."
"चप्पल घट्ट होतीय?"
"मोठी आणलीय की नवी."

"नडगीवर अंगठा दाबा. जोरानं.
आता सोडा.
खड्डा पडला?"

मिरजेत कुठंतरी कुत्रं भुंकलं.
"पडलाय."
"भरेपर्यंत मोजा."

एक, म्हणाले. दोन.
खाडीकडून ओलसर, मासळीच्या वासाचा वारा.
तीन.
हाताला काहीतरी काम हवं म्हणून
मी पुन्हा निपल उघडलं,
चकतीला बोटानं ढकललं.
चार. ती करकरत अर्धा फेरा गेली,
मग आवाज न करता पुढचा.

"ऐकू येतंय," आप्पा मधेच म्हणाले,
"सुटलंय बघ."

"मोजा, आप्पा."

"आकडा चुकला."

"मग पुन्हा दाबा," मी म्हणाले,
"पहिल्यापासून."