उशिराचं आमेन

दीनाबाईला बाहेर बसायला मीच सांगितलं.
पाळकसाहेबांनी नाही, वडीलमंडळानेही नाही.
हिशेबाची वही बगलेत धरून, चपलांच्या ढिगाजवळ,
जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणालो,
व्हरांड्यात वारा चांगला येतो, बाई,
पोराला मोकळं वाटेल.

पोराचं नाव हनोख.
पहिल्या हनोखाबद्दल एवढंच सांगतात
की तो देवाबरोबर चालला.
हा चालायचा तेव्हा गुडघे एकमेकांना विचारायचे,
आधी तू की मी.
आणि आमेन म्हणायचा सगळ्यांच्या नंतर.
आम्ही ते उरकून खाली बसलेलो,
गीतांच्या पुस्तकात पान शोधत,
तेव्हा कुठे त्याच्या छातीतून ते निघायचं,
दातांशी अडायचं, हनुवटीवरून ओघळायचं,
पुन्हा पहिल्या अक्षरापाशी जायचं.
पोरं हसायची. साहेब डोळे मिटून थांबायचे.
तीस वर्षं एस.टी.च्या आगारात
वेळापत्रकं लिहिलेला माणूस मी.
मला वाटायचं, देवाच्या दारी तरी
गाडी वेळेवर सुटावी.

ती भांडली नाही.
पायऱ्या उतरताना फक्त म्हणाली,
"हाई त्याना बापनं घर शे ना, दादा?"
त्याचा बाप सुरतेला गेला तो गेलाच.
मला क्षणभर वाटलं, ती त्याच्याबद्दल बोलतेय.

मग मिरचीचा हंगाम आला.
नंदुरबारभर पथाऱ्या लाल झाल्या,
आणि भर उपासनेत सगळे शिंकू लागले,
पाळकसाहेब, त्यांची मिसेस, पेटीवाला याफेथ, मी.
ठसका लागला म्हणून
कुणाला कुणी बाहेर बसवलं नाही.

व्हरांड्यात दीनाबाई
आठवडाभर देठं खुडलेले हात पदरात गुंडाळून बसायची.
पोराच्या तोंडाला बोट लावायची नाही,
कोपराने लाळ पुसायची.
माझी जागा खिडकीशी आहे. दिसायचं.

जानेवारीत नाशिकहून प्रचारक आले.
त्या एका रात्री हनोखला आत आणलं, अगदी पुढे.
त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून
ते रेल्वे इंजिनासारखे ओरडले.
पोरगा घाबरून मुतला.
बरा झाला नाही, म्हणून परत व्हरांडा.
विश्वास कमी पडला, कुणीतरी म्हणालं.
कुणाचा, हे मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपली.
सगळे बसले. सतरंजीवर कपड्यांची सळसळ.
मी उभाच.
बायको शर्ट ओढतेय, बसा ना,
आणि मला कळेना, आपण कशासाठी थांबलोय.
मग बाहेरून ते आलं.
आ… पासून सुरू होऊन, घसरत, उठत,
शेवटच्या न पर्यंत.
तेव्हा बसलो.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो.
चहा तिने दिला, माफी मला मागता आली नाही.
म्हटलं, आतच बसत जा.
ती म्हणाली, "नुसतं बसाडू नका. काम द्या त्याले."

आता दानाची थैली हनोख फिरवतो.
हात थरथरतो, थैली सारखी वाजते,
पाचाचं नाणं टाकलं की पन्नासाची नोट,
सगळ्यांना सारखंच ऐकू येतं.
दोनदा सांडली. नाणी पेटीखाली गेली.
एक बाई अजून पदर सावरून घेतात.
दीनाबाई आत असते, पण दाराजवळ,
चपला हाताशी ठेवून.

आमेननंतर काही जण बसत नाहीत.
मी मोजतो, सवय आहे.
गेल्या रविवारी अकरा.
वहीत त्याला रकाना नाही.
जमाखर्चाच्या बाजूला, समासात,
पेन्सिलीने लिहून ठेवतो.