डावा कान

कमाटीबागेतल्या पाट्या मी रंगवल्या, एकतीस वर्षं.
तीन लिप्यांत एकच वाक्य:
प्राण्यांना डिवचू नये.
खाली चित्र. बिबट्या मी
दांडियाबाजारातल्या एका कॅलेंडरवरून उचलला होता,
पुढं दरवेळी माझ्याच जुन्या पाटीवरून.
पिंजरा दहा हातांवर असायचा.
त्याच्याकडं पाठ करून मी शेपटी रंगवायचो.

मग रोझलीन मॅकवान आली, फाइन आर्ट्सची,
स्कूटरवर रिकामी पोती घेऊन.
म्हणाली, काका, पिंजरा करायचाय. गज नकोत.
नुसती जमीन.

चौघं पोरं, मी, आणि नानसिंग राठवा,
जो सात नंबरला मांस टाकायचा
आणि रिटायर झाल्यापासून ज्याला झोप नव्हती.
माती विश्वामित्रीच्या काठची.
समोरच्या काठावर मगर ऊन खात पडलेली,
तिला कुणी पाटी लावलेली नाही.
वडाजवळच्या शेडमध्ये माती पसरली,
सोळा फूट बाय नऊ.
टेप ओजसकडं होती. माप नानसिंगकडं.

सात नंबर कधीच पाडलाय. जमनाही गेली.
नानसिंगनं चप्पल काढली, मान जरा खाली घातली.
सात पावलं. वळण, भिंतीला खांदा घासत.
सात पावलं. इथं थांबायची, म्हणाला,
इथून नळ ऐकू यायचा.
पुन्हा सात.
कुणी हसलं नाही. ओजसनं मोबाइल खिशात टाकला.

रोज संध्याकाळी तो तासभर चालला.
आठवड्यानं मातीत पन्हळ पडली,
वळणावर खोल, मधे उथळ.
मग पोरांनी आपापलं आणलं.
एकीनं रविवारच्या गर्दीचे आवाज,
शिट्ट्या, "ए, उठ ना", "बघ रे, मेलाय का".
एकानं पणजोबांचा फोटो, हाथीखान्यातला:
हत्ती चौकटीबाहेर राहिलेला, फक्त साखळी,
आणि साखळीशेजारी रुबाबात पणजोबा.
तिथं आता गव्हाची पोती उतरतात.
मी म्हटलं, पाटी माझ्याकडं.

उद्घाटनाला माणसं बरी जमली.
आवाज सुरू झाले, नानसिंग चालू लागला.
पुढं उभ्या पोरानं, असेल सहा वर्षांचं,
पुडीतला शेंगदाणा मारला. गुडघ्याला लागला.
आई म्हणाली, अरे, आजोबा आहेत ते.
मग असे फिरतायत कशाला?
आणि दुसरा मारला.
नानसिंगनं वर पाहिलं नाही. जमनाही पाहायची नाही.
तिसरा बापानं मारला, हळूच, गंमत म्हणून.

दाणे आम्ही तिथंच राहू दिले.
माती भेगाळू नये म्हणून रोझलीन रोज पाणी शिंपायची,
दाण्यांपाशी जरा जास्त.
खारे होते, भाजलेले.
हे तिलाही माहीत होतं.

माझी पाटी उशिरा झाली. शेवटच्या दिवशी लावली.
नानसिंग बराच वेळ बघत राहिला.
एम नहीं, पेंटरभाई. डावा कान फाटलेला होता.
कधीपासून?
आणली तेव्हाच.
सोळा वर्षं होती ती तिथं.
तेवढ्यात तिच्या गजांवरची पाटी
मी सहा वेळा बदलली.

माती परत नदीला गेली, दोन टेम्पो.
पाटी घरी आहे, गॅलरीत, तोंड भिंतीकडं.
अधूनमधून सरळ करतो, कानाला पांढरा देतो,
वाळला की पुन्हा काढतो.
फाटलेला कान अवघड असतो,
कात्रीनं कापल्यासारखा येतो, नाहीतर
दुमडल्यासारखा.
मग नानसिंगला फोन लावतो,
वरून फाटला होता, की कडेनं?
थांबा, म्हणतो तो,
आणि फोन तसाच धरून
चालायला लागतो.