माप

डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या गल्लीला लागून
रायू शेटचं दुकान. म्हणजे बाबांचं.
खिळ्याला मापांचा जुडगा, पितळी कड्या एक ते तीस.
त्यातली सात नंबरची हरवलेली.
सातचं बोट आलं की बाबा सहा घालून बघत,
आठ घालून बघत,
आणि मधलं काहीतरी मनात धरत.

बेर्ता बाय यायची लग्नाची अंगठी घेऊन.
तारवटी नवरा बोटीवर गेला की सुकायची,
परतला की बोटं भरायची.
बाबांनी तीनदा कापली, तीनदा सांधली,
आत कोरलेल्या ‘इनासियु’चं शेपूट
दर वेळी थोडं थोडं झाळणात गेलं.
उरलं ‘इना’.
ती हसली. “घरा हांव ताका तशेंच आपयतां.”

दस्तगीर खाणीवरच्या ट्रकातून उतरायचा,
भुवयांपर्यंत तांबडा.
चांदीत अकीक. “सैल ठेव, शेट,
वुजूला फिरली पाहिजे,
खालच्या कातडीला पाणी लागलं पाहिजे.”
पुष्कराजवाल्या मास्तरांना मात्र
खडा कातडीला चिकटूनच हवा,
तसूभर फट राहिली
तर गुरू कोपेल.

बाबांच्या बोटात कधीच काही नव्हतं.
तेजाबाचे डाग, बस.
म्हणायचे, गिऱ्हाईक पैसे देतं सोन्याचे,
आपण घडवतो ते भोक.

जोडवी कापायला त्यांना बोलावणं यायचं.
कातर रुमालात गुंडाळून मागल्या दाराने जात,
आल्यावर जेवत नसत.

बाबा गेले तेव्हा ती कातर माझ्या हातात होती.
बायका जमलेल्या. आईने पाय आत ओढले.
“घट्ट बसलीत. निघायची नाहीत.”
मला ठाऊक होतं,
बाबांनी ती एक माप मोठीच केली होती.
“हो,” मी म्हटलं, “रुतलीत.”
आणि कातर ड्रॉवरमध्ये टाकली.

बाराव्याला भटजी जरा घुटमळले,
इकडेतिकडे पाहिलं, पुतण्या कुणी आहे का.
मग दर्भाच्या काड्या घेऊन पीळ दिला, गाठ मारली,
माझ्या अनामिकेत सरकवलं पवित्रक.
माप न घेता.
गवताची अंगठी,
वजन गुंजभरही नाही,
पाणी सोडताना जड झाली.

नंतर गाठ सोडून नदीत टाकली.
बोटावर बारीक वळ राहिला होता.
दुकानात येऊन मी जुडगा काढला,
सहा अडकली, आठ फिरली.