हातचा

डिसेंबर संपत आला की आमचा सगळा देश जनावरं मोजतो.
मग ते आकडे उलानबातरच्या या चौथ्या मजल्यावर येतात.
खिडकीच्या फटीत ओयुंगेरेलने जुने मोजे कोंबलेत,
तरी धूर आत येतो,
नात्यातल्या माणसासारखा, न विचारता.

मी गुणाकार करते.
मेंढी : वर्षाला पाच किलो मिथेन.
बकरी : तेवढंच.
घोडा अठरा, उंट शेहेचाळीस, गाय त्याहून एकाने जास्त.
का, ते मला विचारू नका. तक्ता बाहेरून येतो.
तक्त्यातली गाय मी कधी पाहिलेली नाही.

माझा काका दाशझेवेग, झावखानचा.
त्याच्याकडे दोनच रकाने :
गरम नाकाची जनावरं आणि थंड नाकाची.
मेंढी आणि घोडा गरम, बाकीची थंड.
तो मोजायचा नाही. नुसती नजर फिरवायचा
आणि म्हणायचा, "ती फाटक्या कानाची कुठाय?"
सातशेत नेमकी तीच नसायची.

वीस वर्षं रेघ चढत होती.
बकऱ्या वाढल्या, कारण मऊ लोकरीला भाव आला.
वीजघराला नवं धुराडं आलं,
जपानमधून उतरवलेल्या जुन्या गाड्या आल्या,
उजव्या बाजूला चाक असलेल्या.
साहेब म्हणायचे, गरीब देशाची रेघ चढणारच,
पोराची उंची वाढते तशी.
आपण दारामागे पेन्सिलीने खूण करायची, बस.

मग एका वर्षी रेघ पडली.

पडद्यावरचा तपासनीस खूश होता.
त्याच्या मागे कुंडी होती, कुंडीत हिरवंगार काहीतरी.
"अभिनंदन! कोणती उपाययोजना केलीत?"
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, झुड.
त्याने स्पेलिंग विचारलं.

उन्हाळा कोरडा जातो. बर्फ लवकर पडतं.
मधेच दोन दिवस ऊन, बर्फ पाझरतं,
आणि एका रात्रीत त्याचा पत्रा होतो.
खाली गवत दिसत असतं,
दुकानातल्या काचेखालच्या मिठाईसारखं.
खूर आपटून आपटून लाल होतात.
सकाळी मेंढ्या उभ्याच असतात.
हात लावला की कळतं.

हे मी सांगितलं नाही.
मी म्हटलं, हवामानाशी संबंधित घट.
त्याने टिपून घेतलं, आणि पुढचं पान.

काका मार्चमध्ये आला,
घर घडी करून एका ट्रकमध्ये घालून.
उत्तरेच्या टेकडीवर आता त्याचं कुंपण आहे,
आजूबाजूला तशीच हजारो.
माझ्या अहवालात तो 'पशुधन' या प्रकरणातून उठून
'घरगुती इंधन' मध्ये राहायला गेला.
हिवाळ्याला चार टन कोळशाच्या विटा.
मी त्यांचाही गुणाकार करते.
संध्याकाळी माझ्या खिडकीत जे येतं
त्यात त्याचं किती, हे मात्र काढता येत नाही.

रविवारी त्याच्याकडे गेले.
शेगडीजवळ बसून त्याने खारट चहा ओतला,
माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच विचारलं.
"माणसाचे किती किलो धरता?"
माणूस तक्त्यात नाही, म्हटलं.
"बरंय," म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.

निघताना अंगणात ती दिसली,
कुंपणाला बांधलेली, एका डोळ्याने आंधळी,
पाठीवर त्याचा जुना लांब कोट, कमरेला दोरीने आवळलेला.
एवढीच वाचली होती.
"हिला कागदावर घेऊ नकोस," तो म्हणाला,
"मोजलं की जातात."

सोमवारी बेरीज केली.
कोटींतला आकडा, शेवटची चार घरं
आम्ही तशीही शून्यं करतो.
एक बकरी तिथे कुणाला सापडणार होती?
लिहिली नाही.
करंगळी दुमडून ठेवली फक्त,
शाळेत हातचा धरायचो तशी,
आणि एका हाताने, जमेल तसं,
पुढचं टाइप करत राहिले.